मटण सोडण्याआधी वरण घट्ट करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, वजन ७० किलो, मूळचे कोल्हापूरकडचे, आता पुण्यात बैठी नोकरी. कोलेस्टेरॉल वाढलंय, साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू आहे, आणि हल्ली मटणाच्या दुकानासमोर उभं राहिलं की मनालाच नको वाटतं. दोनदा सोडून पाहिलं, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. भूक भागत नव्हती, पोट फुगत होतं, आईचं ‘अंगातली ताकद जाईल’ चालू होतं. बायको-मुलांना सोडायचं नाहीये. दूध, दही, अंडी यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

आठवड्याभराच्या जेवणाची नोंद पाठवलीत हे फार बरं केलंत. बुधवारी चिकन, शुक्रवारी कधी बांगडा कधी सुरमई, रविवारी मटण, अधूनमधून सकाळी दोन अंडी. आपण स्वतःला पक्के मांसाहारी म्हणवतो, पण आठवड्यातली बहुतेक जेवणं बिनमांसाचीच असतात. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी आणि संकष्टी. म्हणजे तुम्हाला आहार मुळापासून बदलायचा नाहीये. तीन-चार जेवणं बदलायची आहेत. मग तरीही तिसऱ्या आठवड्यात गाडी का घसरते?

त्याचं उत्तर तुमच्या सोमवारात आहे. सकाळी पोहे आणि चहा. डब्यात तीन पोळ्या आणि भेंडी. रात्री दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ आमटी. याचा हिशेब केला तर दिवसभरात प्रथिनं मिळतात जेमतेम पस्तीस-चाळीस ग्रॅम, आणि त्यातलीही निम्म्याहून जास्त गहू-तांदळाची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोला झाली ५८ ग्रॅम. प्रथिनं मुख्यतः धान्यातून येत असतील तर त्यांचा दर्जा कमी पडतो, म्हणून किलोमागे १ ग्रॅम धरलेलं बरं. तुमचे शाकाहारी वार आधीपासूनच तुटीचे आहेत, आणि ती तूट बुध-शुक्र-रवी थोडीफार भरून काढत होते. तुम्ही नेमके तेच तीन दिवस काढून घेतलेत आणि त्यांच्या जागी आणखी तीन सोमवार बसवलेत.

तेव्हा पहिला महिनाभर मटणाला हात लावू नका, म्हणजे ते सोडू नका. आहे तसं चालू द्या. आधी सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार नीट करा.

सुरुवात वरणापासून. आपल्याकडे चौघांच्या घरात दीड-दोन मुठी तूरडाळ शिजते आणि तिच्यात पाणी घालून दोन वेळा पुरवतात. माणशी कोरडी डाळ पडते पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे तीन-चार ग्रॅम प्रथिनं. हॉटेलातल्या आमटीची तर गोष्टच सोडा. ‘मी रोज वरण खातो’ असं म्हणणाऱ्या माणसाला मी नेहमी विचारते, कुकरला डाळ किती लावता? डाळीचा हिशेब वाटीत करायचा नाही, कोरड्या वजनात करायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटात डाळी, कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मांस असे मिळून ८५ ग्रॅम सांगितले आहेत, तेलबिया-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलीलीटर. मांस बाजूला काढलं की ते ८५ ग्रॅम पूर्ण डाळी-कडधान्यांचेच व्हायला हवेत, आणि तुमच्यासाठी मी शंभरापर्यंत नेईन. स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा, आठ-दहा दिवस मोजा. नंतर हाताला अंदाज येतो.

बदललेला सोमवार साधारण असा दिसेल. सकाळी पोह्यांऐवजी मूग किंवा मिश्र डाळींची दोन-तीन धिरडी, त्यातून बारा-एक ग्रॅम प्रथिनं. डब्यात तीन पोळ्या, मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, आणि भेंडी असेल तर ती जोडीला, मुख्य भाजी म्हणून नाही. चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे. रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, दाट पिठलं किंवा घट्ट वरण, पालेभाजी, वाटीभर दही. बेरीज साठ-पासष्टपर्यंत जाते, आणि यातलं एकही जिन्नस खास दुकानातून आणावं लागत नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्यात मिळतं. दोन्ही एकाच घासात जायला हवेत असं नाही, दिवसभरात पोटात गेले की झालं.

सोयाबीनच्या वड्यांबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्टच सांगते. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात, पंचवीस ग्रॅमच्या मुठीत बारा-तेरा. नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणात पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन त्याने कमी होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खा. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोया काही तासांनी खावं, कारण सोया त्या गोळीच्या शोषणात आडवं येतं. वड्या बेचव लागतात ही तक्रार बहुतेक वेळा घाईची असते. मिठाच्या उकळत्या पाण्यात फुगवा, घट्ट पिळा, गार पाण्यात धुऊन परत पिळा. मग आलं-लसूण, हळद आणि दही लावून तासभर ठेवा, तेलावर कडा लाल होईपर्यंत परता आणि त्यानंतरच रश्श्यात सोडा.

आता पोट फुगण्याचं. कडधान्यांत रॅफिनोज गटातल्या शर्करा असतात. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. आठवड्यातून एकदा उसळ खाणारा माणूस एकदम रोज दोन वाट्या खायला लागला की त्रास होणारच. पहिले दहा दिवस रोज अर्धी वाटी, तीही मूग, मसूर, मटकी यांची. हरभरा, राजमा, छोले, वाल नंतर. आठ-दहा तास भिजवा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, शक्य तिथे मोड आणा, शिजवताना हिंग-आलं घाला. तीन-चार आठवड्यांत आतडं सरावतं. भिजवणं आणि मोड आणणं यांचा दुसरा फायदाही आहे: लोह-जस्त अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त शरीराला जास्त मिळतं.

लोहाचा विषय इथेच संपवते. मटणातलं लोह शरीर सहज घेतं, वनस्पतींमधलं त्यामानाने बरंच कमी. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व ते शोषण वाढवतं, चहा-कॉफी ते अडवते. म्हणून उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, मध्ये तासभर जाऊ द्या. डबा खाल्ल्या खाल्ल्या टपरीवर जायची ऑफिसची सवय या बाबतीत सगळ्यात वाईट. तुम्हाला पुरुष म्हणून रोज १९ मिलीग्रॅम लोहाची शिफारस आहे, पाळी येणाऱ्या बाईला २९. तुमच्या पत्नीने कधी हा बदल करायचं ठरवलं तर तिने आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं.

बी-१२ मात्र तपशिलात समजून घ्या, कारण तुमच्या बाबतीत मला खरी काळजी त्याचीच आहे. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. कुठल्याही डाळीत, भाजीत, मोडात ते नाही. इडलीचं पीठ आंबवल्याने येतं, स्पिरुलिना या शेवाळात असतं, या दोन्ही गोष्टींवर विसंबू नका. गरज अगदी थोडी, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. त्यामुळेच फसगत होते: मांस सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं माणूस ठणठणीत असतो, ‘मला काहीच झालं नाही’ म्हणून इतरांनाही सल्ले देतो, आणि नंतर पायाला मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा सुरू होतो. मज्जातंतूंचं नुकसान लांबलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही.

त्यात तुमचं मेटफॉर्मिन. हे औषध वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२चं शोषण कमी करतं. पित्तासाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेत असाल तर तेही करतं. मुंग्या आल्या की लोक म्हणतात साखरेमुळे आल्या, आणि बी-१२ बघायचं राहून जातं.

बी-१२ची कमतरता पुण्यातच नीट अभ्यासली गेलीय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी होतं. शाकाहाऱ्यांत प्रमाण जास्त, पण मांस खाणारेही सुटले नव्हते, कारण आपलं मांस खाणं मुळातच थोडं. त्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणून घरात कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल, तर आहारातला असा बदल बी-१२ तपासल्याशिवाय करू नये. आणि कुणीही नुसती फोलिक आम्लाची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालू राहतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: बदल सुरू करायच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. बी-१२ खूप कमी आलं तर डॉक्टर आधी इंजेक्शनं देतील. ठीक आलं तरी अंडी-मासे सुटल्यावर गोळी कायमची लागेल हे मनाशी धरा. दूध-दही ठेवलंत तर काही भाग त्यातून मिळतो, पण मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाने त्या भरवशावर राहू नये. गोळी घेणं म्हणजे आहार अपुरा असल्याची कबुली आहे, असं काही जणांना वाटतं. मीठ आयोडीनयुक्त खाताना आपल्याला तसं वाटत नाही.

मिठाचा विषय निघाला तर तेही सांगून टाकते. मासे सोडणारे लोक ‘आता सगळं सात्त्विक’ म्हणत त्याच सुमारास सैंधवावर जातात. समुद्री मासळी हा आयोडीनचा एक चांगला स्रोत, तो गेला, आणि साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. दोन्ही एकाच वेळी सोडू नका. माशांतून जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे ओमेगा-३. जवसाची चटणी रोज चमचा-दोन चमचे खा. विदर्भात ती पूर्वापार आहे, आपल्याकडे कारळ्यापुढे तिला कुणी विचारत नाही. जवस भाजून कुटलेलंच हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं. जवसातल्या ओमेगा-३चं डीएचएमध्ये, म्हणजे माशांत मिळणाऱ्या ओमेगा-३मध्ये, रूपांतर फार थोडं होतं, म्हणून मासे पूर्ण सुटल्यावर शेवाळापासून केलेल्या डीएचएच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

सोडण्याचा क्रम. कारण कोलेस्टेरॉलचं असेल तर सॉसेज, सलामी, खिमा-बर्गर असलं डबाबंद आणि प्रक्रिया केलेलं मांस पहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं, आणि बकरा-बैल-डुकराचं लाल मांस बहुधा कर्करोगकारक. त्यानंतर मटण, मग चिकन. मासे आणि अंडी शेवटी. मनाला नको वाटतंय हेच मुख्य कारण असेल तर क्रम तुमचं मन ठरवेल, त्यात आहारतज्ज्ञाने नाक खुपसू नये. एक मात्र टाळा: मटण बंद करून त्याच्या जागी आठवड्यातून चारदा चिकन. याला मी बदल म्हणत नाही.

सोयीचा काळ आयता आहे. आखाड संपला, गटारी झाली, की श्रावणात अर्धा गाव आपोआप शाकाहारी होतो. कुणी कारण विचारत नाही, घरात दोन स्वयंपाक लागत नाहीत. पण श्रावणात मी बघते ते काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरीचा भात, पुरणपोळी. साखर असलेल्या माणसासाठी हा मटणापेक्षा वाईट महिना. उपास ठेवायचाच असेल तर राजगिरा, दाण्याची आमटी, ताक, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर यांवर ठेवा. आणि श्रावणाच्या आधीचा महिना वार सुधारण्यात घालवा, म्हणजे श्रावण संपल्यावर थांबायची गरजच वाटणार नाही.

चवीबद्दल कोल्हापूरच्या माणसाशी बोलताना जपून बोलावं लागतं. तरी सांगते: तांबड्या रश्श्याचा जो दणका तुम्हाला आठवतो त्यातला मोठा वाटा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणाचा, तिळा-खसखशीचा आणि कांदा-लसूण मसाल्याचा आहे. मटण देतं ते अळणी पाणी, चरबीचा तवंग आणि चावायला काहीतरी. अळणी पाण्याच्या जागी अख्खे मसूर किंवा काळे वाटाणे शिजवलेलं पाणी वापरा, टाकून देऊ नका. पांढऱ्या रश्श्याला काजू-खसखस-तिळाचं वाटण आणि नारळाचं दूध, लवंग-मिरीची फोडणी. हुबेहूब लागणार नाही. पण रविवारी दुपारी भाकरी कुस्करून खाण्याजोगं होतं.

चावायला सुरण, कच्चा फणस, मशरूम चांगले. सुरण चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात उकळून घेतला तर खाजत नाही. फक्त इथे एक घोळ होतो, तो टाळा. फणस, सुरण, मशरूम ही चवीची सोय आहे, त्यांत प्रथिनं नावापुरती असतात. फणसाचा रस्सा केला तर शेजारी उसळ किंवा घट्ट डाळ हवीच. एकाच भांड्यात दोन्ही हवं असेल तर आपल्याच मुलुखात बघा: अख्खा मसूर, जुन्नरकडची मासवडी, नागपूरकडचा पाटवडी रस्सा, मालवणातली काळ्या वाटाण्याची उसळ, गोव्याचं अळसांद्याचं तोणाक. हे सगळे तिखट, भरपूर, मिरवण्याजोगे पदार्थ आहेत आणि पाहुण्यांना वाढताना ‘आज साधंच आहे हं’ म्हणायची वेळ येत नाही.

बाहेर जेवताना पनीरचा सापळा असतो. शंभर ग्रॅम पनीरमध्ये प्रथिनं अठरा-एकोणीस ग्रॅम आणि चरबी त्याहून जास्त, वर काजूची ग्रेव्ही आणि बटर नान. मांस सोडून वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले लोक मला नियमित भेटतात, आणि बहुतेकांचा मार्ग पनीर बटर मसाल्यावरून जातो. ढाब्यावर अख्खा मसूर, डाळ कांदा, चना मसाला मागवा.

दूध-दही इतक्यात सोडू नका. मासे सुटेपर्यंत अंडीही ठेवा. पूर्ण वनस्पतीजन्य आहार करता येतो, पण त्यात कॅल्शियम, बी-१२ आणि प्रथिनं तिन्हींचा हिशेब एकाच वेळी जुळवावा लागतो. सहा महिने नव्या ताटावर स्थिर झालात की तो विचार करू. तेव्हा नाचणी आणि तीळ कामाला येतील. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात त्याच्या तिपटीहून जास्त.

आईंच्या ‘ताकदी’ला वाद घालून उत्तर मिळत नाही. तरी गावाकडच्या माळकऱ्यांची आठवण करून द्या. गळ्यात तुळशीची माळ पडली की मांस बंद, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच माणसं ऊस तोडतात, नांगर धरतात आणि आषाढीला पंढरपूरपर्यंत चालत जातात. तालमीतला पैलवान मटण खातो खरा, पण त्याच्या खुराकात दूध आणि बदामाची थंडाईही असते, आणि दिवसाला शेकड्याने जोर-बैठका असतात. स्नायू टिकवायला प्रथिनांइतकाच व्यायाम लागतो. तुमच्या नोंदीत जेवण होतं, चालणंसुद्धा नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका किंवा वजनं सुरू करा.

आता थोडं कडू बोलते. नवऱ्याने मांस सोडायचं ठरवलं की बहुतेक घरांत बायकोला दोन स्वयंपाक लागतात, आणि महिनाभरात तीच वैतागून म्हणते, खा बाबा एकदाचं. तुमच्या दोन प्रयत्नांत हे किती होतं ते तुम्हालाच माहीत. रात्री कडधान्य भिजत घालणं, सकाळी उपसून फडक्यात बांधणं, रविवारचं वाटण करणं ही कामं तुमच्याकडे घ्या. वाटण एकच करा, मग दोन पातेली: एकात त्यांचं मटण, दुसऱ्यात तुमचा मसूर. मुलांना उपदेश नको. वाढत्या वयात त्यांची अंडी-मासे सुटावेत अशी माझीही इच्छा नाही.

साखरेवर लक्ष ठेवा. भात-पोळी तेवढीच ठेवून डाळी वाढवल्यात तर एकूण पिष्टमय पदार्थ वाढतात, म्हणून डाळ वाढवताना एक पोळी किंवा भाताचा मूद कमी करा. उलट, ताट नीट बसलं आणि वजन उतरलं तर साखर खाली येऊ लागेल, तेव्हा औषधाचं प्रमाण डॉक्टर बदलतील. स्वतःहून गोळी बंद करायची नाही. मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला तर वर लिहिलेलं डाळींचं प्रमाण तुम्हाला लागू नाही, आधी तज्ज्ञांना दाखवा. म्हणून तपासण्यांत क्रिएटिनिनही घाला.

लिपिड आणि एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करा, बी-१२ सहा महिन्यांनी. मधेच गावाकडून जत्रेचं बोलावणं येईल, भावकीतल्या हळदीला मटणाची पंगत बसेल. तिथे खाल्लंत तर खाल्लंत, दुसऱ्या दिवशी डब्यात मटकी न्या. न खाणार असाल तर घरून निघतानाच पोटभर जेवून निघा, कारण अशा पंगतीत शाकाहाऱ्याच्या वाट्याला भात आणि कांदा एवढंच येतं.